जुनी नाव, नवे इंजिन : कायदा काय म्हणतो आणि आपण काय पाहावे



धार-देवासच्या मंडळींसाठी नावेच्या इंजिनावर लेख कशाला, असा प्रश्न काहींना पडेल. समुद्र आपल्यापासून दूर आहे आणि आपल्यापैकी कोणाचाही नावेचा धंदा नाही. पण नर्मदामैया दोन्ही जिल्ह्यांना लागून वाहते. देवास जिल्ह्यात नेमावर आहे, धार जिल्ह्यात खलघाट, धरमपुरी आणि कुक्षीकडचा पट्टा आहे. अस्थिविसर्जन, अमावास्येचे स्नान, पाहुण्यांना घडवायचे दर्शन, पंचक्रोशी, परिक्रमा अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने आपल्या प्रत्येक घरातले कोणीतरी वर्षातून एकदा नावेत बसतेच. बसणाऱ्यांत बहुतेक वेळा साठी-सत्तरीचे लोक आणि लहान मुले असतात.

गेल्या कार्तिकात आम्ही मंडळातली सहा-सात निवृत्त मंडळी नर्मदेच्या एका घाटावर गेलो होतो. नाव जुनी, लाकडी, पंचवीस फुटांच्या आसपासची. मागच्या फळीला मात्र चकचकीत नवी मोटार लावलेली. आम्ही विचारले, तेव्हा केवट अभिमानाने म्हणाला, "बाबूजी, नई मशीन है, डबल ताकत!" त्याने वेग दिला तशी नावेची मागची बाजू खाली बसली आणि पुढचे टोक वर आले. पलीकडच्या घाटाजवळ त्याने एकदम वेग कमी केला. आमच्याच नावेने उठवलेली लाट मागून आली आणि फळीवरून आत शिरली. घोट्यापर्यंत पाणी झाले. दोन-तीन भगिनी घाबरून एका बाजूला सरकल्या आणि नाव कलली. केवट हुशार होता. त्याने सगळ्यांना ओरडून जागेवर बसवले, डब्याने पाणी उपसले आणि आम्हाला सुखरूप काठावर उतरवले. इजा कोणालाही झाली नाही. पण नावेत एकही लाइफ जॅकेट नव्हते, आणि तसे विचारायचे चढताना आमच्यापैकी कोणाला सुचलेही नव्हते.

घरी आल्यावर आम्ही तिघा-चौघांनी या विषयाची माहिती काढायला सुरुवात केली. आमचे सारे आयुष्य कागदपत्रे तपासण्यात गेले, त्यामुळे पहिला प्रश्न कागदाचाच सुचला. नाव एका इंजिनावर नोंदवलेली असेल आणि तिला दुसरेच इंजिन लावले असेल, तर त्या नोंदणीला अर्थ काय उरतो? जे समजले ते सोप्या भाषेत येथे मांडत आहोत.

नदी बदलली, नावाही बदलल्या

आपल्या लहानपणी नर्मदेवर बांबू आणि वल्हे यांवर चालणाऱ्या नावा होत्या. उन्हाळ्यात पात्र अरुंद व्हायचे, काही ठिकाणी चालतही जाता यायचे. सरदार सरोवराचे लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजी झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्याचे बॅकवॉटर धार जिल्ह्यात आले. निसरपूर, चिखल्दा यांसारखी गावे पाण्याखाली गेली. जिथे नदी होती तिथे आता मोठा जलाशय आहे. त्यावर वाऱ्याने लाटा उठतात आणि दोन काठांमधले अंतर वल्ह्याने कापणे अवघड होते. त्यामुळे नावेला मोटार लागणे ही केवटांची गरज झाली. काहींनी शेताच्या पंपाचे डिझेल इंजिन बसवले, काहींनी आउटबोर्ड मोटार घेतली.

आउटबोर्ड म्हणजे नावेच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे इंजिन. खाली पाण्यात पंखा असतो आणि मोटार डावी-उजवीकडे वळवली की नाव वळते. हे इंजिन काढणे आणि लावणे दोन माणसांचे काम आहे. सोय म्हणून हे चांगलेच, पण याच सोयीमुळे आज एक इंजिन तर उद्या दुसरे लावले जाते आणि त्याची नोंद कुठेही होत नाही.

मोठे इंजिन लावले की काय होते

पहिला परिणाम वजनाचा. जुन्या टू-स्ट्रोक मोटारी हलक्या असत. ४० अश्वशक्तीची टू-स्ट्रोक मोटार साधारण ७० ते ७५ किलो भरते. त्याच ताकदीची फोर-स्ट्रोक मोटार ९५ ते १०० किलोच्या घरात जाते. म्हणजे अश्वशक्ती तीच ठेवून नुसते नवीन इंजिन घेतले तरी नावेच्या अगदी मागच्या कडेवर पंचवीसेक किलो वाढतात. सात-आठ वर्षांचे मूल कायमचे त्या फळीवर बसवल्यासारखेच ते झाले. ताकदही वाढवली तर वजन आणखी वाढते. मागची फळी पाण्याच्या जवळ येते आणि आमच्या नावेत शिरली तशी लाट आत यायला वाट मिळते.

दुसरा परिणाम जोराचा. मोटार नावेला ढकलते ती त्या एका फळीवरून. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची फळी १५ अश्वशक्तीचा धक्का सोसेल अशी केलेली असते. खिळ्यांभोवतीचे लाकूड भिजून मऊ झालेले असते. तिथे ४० अश्वशक्ती लावली तर फळी सांध्यातून हलू लागते. हे बाहेरून रंगाखाली दिसत नाही.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि ती केवट मंडळींना समजावून सांगण्यासारखी आहे. आपल्याकडच्या जड, खोल बुडणाऱ्या नावा पाणी कापत जातात, स्पीडबोटीसारख्या पाण्यावर उचलल्या जात नाहीत. अशा नावेच्या वेगाला तिच्या लांबीमुळेच मर्यादा पडते. पाण्यातल्या लांबीचे फुटांत वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की ती मर्यादा नॉटमध्ये मिळते. २५ फुटांचे वर्गमूळ ५, म्हणून मर्यादा ६.७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर. तेवढा वेग बेताच्या इंजिनावरही मिळतो. त्यापुढे ताकद दुप्पट केली तरी वेग थोडासाच वाढतो. उरलेली ताकद लाट उठवण्यात आणि मागची बाजू खाली बसवण्यात खर्च होते, आणि पेट्रोल जळते ते निराळेच.

हलक्या फायबरच्या नावेची गोष्ट वेगळी आहे. ती पाण्यावर उचलली जाते आणि खरोखर पळते. तिथे धोका वळणावर असतो. वेगात वळताना नाव उलटते किंवा चालवणारा बाहेर फेकला जातो आणि मोटार चालूच राहते. म्हणून नवीन मोटारींना एक दोरी दिलेली असते. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची. माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होते. आपल्याकडे ही दोरी बहुतेक वेळा मोटारीवर नुसती लोंबकळताना दिसते.

मर्यादा कशी ठरवतात : एक हिशेब

नावेला किती ताकदीचे इंजिन चालेल हे सांगणारा सर्वांत स्पष्ट नियम अमेरिकेत आहे. तिथल्या २० फुटांपेक्षा लहान, एका सांगाड्याच्या आउटबोर्ड नावांवर नोव्हेंबर १९७२ पासून कारखानदाराने एक पाटी लावावी लागते. किती माणसे, किती वजन आणि जास्तीत जास्त किती अश्वशक्ती, हे तीन आकडे त्या पाटीवर असतात. अश्वशक्तीचा आकडा काढण्याचे सूत्रही कायद्यातच दिले आहे. आम्हाला आकडेमोडीची सवय असल्याने ते करून पाहिले.

समजा नाव १६ फूट लांब आहे आणि मागची रुंदी ५ फूट आहे. गुणाकार ८०.

- सपाट तळाची, कडा काटकोनी असलेली आणि मोटार हाताने वळवायची नाव : ८० च्या निम्मे ४०, त्यातून १५ वजा. उत्तर २५ अश्वशक्ती.
- इतर आकाराच्या तळाची, पण मोटार हातानेच वळवायची : ८० गुणिले ०.८ म्हणजे ६४, त्यातून २५ वजा. उत्तर ३९. पुढच्या पाचच्या पटीपर्यंत वाढवता येते, म्हणून ४०.
- पुढे बसून चाकाने वळवायची सोय आणि मागची फळी निदान २० इंच उंच : ८० च्या दुप्पट १६०, त्यातून ९० वजा. उत्तर ७०.

लांबी-रुंदी एकच असून मर्यादा २५ पासून ७० पर्यंत बदलते. म्हणजे मर्यादा ठरते ती नावेचा तळ, मागच्या फळीची उंची आणि वळवण्याची सोय यांवरून. इंजिन कोणत्या कंपनीचे आणि किती नवे, याचा या हिशेबात कुठेच संबंध येत नाही.

हे सूत्र आपल्या पंचवीस-तीस फुटी नावांना जसेच्या तसे लावता येणार नाही. घाटावर सुताराने बांधलेल्या नावेवर अशी पाटीही नसते. मग आपल्याकडे हा आकडा कोण ठरवणार? त्यासाठी आपल्या कायद्यात 'सर्वेक्षण' आहे.

आपला कायदा

नदी, तलाव, कालवे यांवर चालणाऱ्या नावांसाठी आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे १९१७ चा कायदा होता. त्याच्या जागी संसदेने अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आणला. आता नोंदणी आणि सर्वेक्षणाची पद्धत सगळ्या राज्यांसाठी एकसारखी असून अंमलबजावणी राज्य सरकारांकडे आहे. आपल्या विषयापुरते त्यातले मुद्दे असे :

पहिला मुद्दा, कायदा नावांचे दोन वर्ग करतो : यंत्राने चालणाऱ्या आणि बिनयंत्राच्या. वल्ह्याच्या नावेची नोंद स्थानिक संस्थेच्या पातळीवर होऊ शकते. त्याच नावेला मोटार लावून ती चालवायला घेतली की ती यंत्राच्या वर्गात जाते आणि त्या वर्गाचे सगळे नियम तिला लागू होतात. "नाव तर आजोबांच्या वेळची आहे" हे उत्तर तिथे चालत नाही.

दुसरा मुद्दा, यंत्राच्या नावेला सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र लागते. सर्वेक्षक नावेचा सांगाडा, यंत्र आणि जीवरक्षक साधने तपासतो. नावेत जास्तीत जास्त किती प्रवासी बसवायचे हे त्यावरून ठरते. या प्रमाणपत्राला मुदत असते आणि मुदत संपली की पुन्हा तपासणी होते.

तिसरा मुद्दा, नोंदणीपत्रात नावेचे वर्णन असते. नोंदणीनंतर नावेत असा बदल केला की ते वर्णन तिला लागू पडेनासे होते, तर मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवून तो बदल नोंदवून घ्यायचा असतो. इंजिन बदलणे हा असाच बदल आहे. त्याने नावेची सुरक्षितता बदलत असेल, तर नव्याने तपासणीही आली.

चौथा मुद्दा, चालवणाऱ्याकडे त्या वर्गाच्या नावेसाठी पात्रतेचा दाखला हवा. पाचवा मुद्दा, विमा हवा.

हे सगळे आपल्याला तसे नवीन नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीबाबत हेच तत्त्व आहे. गाडीचे इंजिन बदलायचे तर आधी आरटीओची मंजुरी घ्यायची आणि बदल केल्यावर चौदा दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. आपण स्कूटरच्या बाबतीत एवढे जपतो, आणि वीस माणसे बसवणाऱ्या नावेच्या बाबतीत विचारतही नाही.

इंजिन नंबर : आमच्या नोकरीतला अनुभव

बँकेत असताना आम्ही नावा, पंप, ट्रॅक्टर अशा अनेक वस्तूंची कर्जप्रकरणे पाहिली. एका प्रकरणात कर्ज वेगळ्याच इंजिनावर होते आणि जागेवर वेगळेच इंजिन निघाले. जुने बिघडले म्हणून मालकाने ते विकून दुसरे बसवले होते. त्यात लबाडी नव्हती. धंदा बंद पडू नये म्हणून त्याने जमेल ते केले होते. पण पुढे नुकसान झाले तेव्हा पॉलिसीतला इंजिन नंबर आणि जागेवरचा नंबर जुळला नाही आणि दावा महिनोन् महिने अडकला. हप्ते मात्र चालूच राहिले. शेवटी त्या माणसाने शेताचा तुकडा विकला.

तेव्हापासून आमचे मत असे झाले आहे की इंजिन बदलल्याची नोंद करणे यात मालकाचे स्वतःचेच हित आहे. नोंदणीपत्र, सर्वेक्षण आणि विमा या तीनही कागदांवर एकच नाव आणि एकच इंजिन दिसले पाहिजे. एका कागदावर फरक पडला की बाकी दोन लटके पडतात. अपघातात प्रवासी दगावला तर त्याच्या घरच्यांना भरपाई मिळणेही या जुळणीवर अवलंबून राहते. आपण प्रवासी म्हणून जातो, तेव्हा त्या कागदांशी आपलाही संबंध आहे तो असा.

पाण्यानुसार येणारी बंधने

नाव ठीक, इंजिन ठीक, कागदही ठीक, तरी त्या पाण्यावर मोटार चालवायची परवानगी असेलच असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ खंडपीठाने भोपाळच्या मोठ्या तलावातील क्रूझ आणि इंधनावर चालणाऱ्या मोटारबोटींच्या विरोधात निकाल दिला. ज्या पाण्यावर लोकांचे पिणे अवलंबून आहे त्यात तेल आणि धूर सोडू नये, हा त्याचा गाभा. त्या निकालात नर्मदेचाही विचार झाला आहे. त्यामुळे नवीन मोटार घेण्याआधी आपल्या घाटापुरती काय परवानगी आहे, हे जिल्हा प्रशासनाकडून लेखी घेणे शहाणपणाचे.

यामागचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. जुन्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात आणि त्या मिश्रणाचा सुमारे पाव हिस्सा न जळताच बाहेर पडून पाण्यात मिसळतो. फोर-स्ट्रोकमध्ये तसे होत नाही. म्हणजे पाण्याच्या दृष्टीने नवीन इंजिन चांगले आणि जुन्या नावेच्या दृष्टीने ते जड, अशी ही अडचण आहे. यावर उपाय म्हणजे अश्वशक्ती कमी घ्यायची. ४० च्या टू-स्ट्रोकऐवजी २५ किंवा ३० ची फोर-स्ट्रोक घेतली तर वजन आटोक्यात राहते, आणि वर पाहिल्याप्रमाणे जड नावेचा वेग फारसा कमी होत नाही.

काशीला हा बदल सरकारी योजनेतून झाला. तिथल्या नावांची डिझेल इंजिने काढून सीएनजी इंजिने बसवली गेली आणि गॅस भरण्यासाठी घाटाशी तरंगते केंद्र उभारले. केवटांनी आपल्या खर्चाने करायची गोष्ट तिथे शासन आणि गेल कंपनीने मिळून केली. नर्मदेच्या घाटांवरही असे काही व्हावे, अशी आमची इच्छा आहे.

दोन दुर्घटना

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त जण होते आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते.

त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जण मृत्युमुखी पडले. नौदलाच्या त्या बोटीवर इंजिनाची चाचणी चालू होती आणि इंजिनातील बिघाडामुळे नियंत्रण सुटले, असे नौदलाने सांगितले. तज्ज्ञ माणसे बोटीवर असतानाही असे घडू शकते. म्हणून नव्या बसवलेल्या इंजिनाची पहिली फेरी रिकाम्या नावेने, गर्दीपासून दूर झाली पाहिजे. प्रवासी बसवून चाचणी घ्यायची नसते.

ज्यांची स्वतःची नाव आहे त्यांच्यासाठी

बॅकवॉटरच्या काठी शेती असलेल्या एक-दोन परिचित कुटुंबांनी पलीकडे जाण्यासाठी जुनी नाव घेतली आहे आणि मोटार बदलायचा विचार चालू आहे. त्यांच्यासाठी क्रम असा :

१. आधी नाव तपासा. मागची फळी, तिचे सांधे आणि आतला आधार सुताराकडून उघडून पाहा. टोचणी सहज आत गेली तर फळी बदलल्याशिवाय मोटारीचा विचार करू नका.

२. फळीची उंची मोजा. मोटारी साधारण १५ इंच आणि २० इंच उंचीच्या फळीसाठी वेगवेगळ्या येतात. उंच फळीला आखूड मोटार लावली तर पंखा हवा ओढतो. बुटक्या फळीला लांब मोटार लावली तर ती खोल बुडते आणि उथळ पाण्यात दगडाला लागते.

३. आत्ताच्या इंजिनाचे वजन आणि अश्वशक्ती लिहून काढा. नवीन इंजिन या दोन्हींच्या आत बसत असेल तर काम सोपे. बाहेर जात असेल तर आधी सर्वेक्षकाचे मत घ्या आणि मगच पैसे द्या. दुकानदार चालेल म्हणतो, पण जबाबदारी त्याच्यावर येत नाही.

४. पक्के बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर हवा. जुने इंजिन विकले तर त्याचीही पावती ठेवा.

५. नोंदणीपत्रावर बदल नोंदवून घ्या, गरज असेल तशी तपासणी करून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर दुरुस्ती करून घ्या. कर्ज असेल तर बँकेलाही कळवा.

६. चाचणीची पहिली फेरी रिकामी.

आणि आपण प्रवासी म्हणून

परिक्रमेला जाणाऱ्यांची संख्या आपल्यात दरवर्षी वाढते आहे. चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा तर आता घरटी एकजण करतो, आणि तिलकवाडा-रामपुऱ्याकडे गर्दीत नावेने पार व्हावे लागते. मोठ्या परिक्रमेत दक्षिण तटावरच्या विमलेश्वर-कठपोरच्या बाजूने उत्तर तटावर मिठी तलाईला भरतीच्या वेळेनुसार जावे लागते. तो प्रवास तर समुद्राच्या मुखातला आणि काही तासांचा. अशा वेळी केवटाला चार प्रश्न विचारायला संकोच करू नये.

- भैया, नावेत किती जणांची परवानगी आहे?
- लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का? (आहेत म्हटले तर अंगावर घालूनच बसायचे.)
- ही मोटार नोंदवलेली आहे का?
- पाणी उपसायला डबा आणि मोटार बंद पडली तर वल्हे आहे का?

नावेत बसल्यावर मागची फळी पाण्याच्या किती वर आहे हे एकदा डोळ्यांनी पाहा. वीतभरही नसेल तर उतरा, किंवा माणसे कमी करायला सांगा. निघाल्यावर जागा बदलू नका. घाट जवळ आला की वेग हळूहळू कमी करायला सांगा.

हे प्रश्न विचारताना एक जाणीव मात्र ठेवावी. केवटाची परिस्थिती आपल्यासारखी नसते. पूर आणि धरण यांनी त्याचा घाट, घर, कधी गावच बदलले आहे. मोटारीचे पैसे त्याने उसने आणलेले असतात आणि फॉर्म इंग्रजीत असतो. त्या दिवशीच्या आमच्या केवटाकडे आम्ही महिन्याभराने पुन्हा गेलो. कागदांची गोष्ट काढल्यावर तो आधी सावध झाला. मग नोंदणीचे जुने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पत्र काढून म्हणाला, "बाबूजी, ये तो पिताजी के टाइम का है, इसमें मशीन लिखी ही नहीं." त्याचा अर्ज आमच्यापैकी दोघांनी त्याच्याच ओसरीवर बसून भरून दिला. प्रवाशांना घेऊन जाताना मोटारीचा वेग निम्म्यावर ठेवायचे त्याने कबूल केले आहे. फळी बदलायचे काम उन्हाळ्यात करणार आहे.

त्यावरून मंडळापुढे तीन सूचना ठेवत आहोत. मंडळाने पंचवीस लाइफ जॅकेट घ्यावीत, त्यात दहा लहान मुलांच्या मापाची असावीत, आणि कोणीही सभासद घाटावर जाताना ती घेऊन जाऊ शकेल अशी सोय असावी. मंडळाच्या सहलीसाठी नाव ठरवताना वरचे चार प्रश्न विचारूनच ठरवावी. आणि आमच्यासारखे जे निवृत्त आहेत, ज्यांना फॉर्म भरायची सवय आहे, त्यांनी महिन्यातून एक रविवार घाटावर बसून केवटांचे अर्ज भरून द्यावेत. आम्ही तिघे तयार आहोत. आणखी कोणाला यायचे असेल तर मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे.

पुढच्या सभेत यावर बोलूच. लेखात काही राहून गेले असेल तर जाणकारांनी जरूर सांगावे. चूकभूल द्यावी घ्यावी.

नर्मदे हर!